क्रोन्स की टीबी?

पडद्यावर दिसतंय ते कोलोनोस्कोपीचं, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या आतड्याच्या तपासणीचं चित्रण. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तो हा सांधा, आणि हे त्याच्यावरचे व्रण. पेशंटचं पोट दुखतं, जुलाब होतात, वजन घटलंय, संध्याकाळी कणकण असते. आपल्याकडच्या डॉक्टरांना इथे पहिला प्रश्न पडतो: हा क्रोन्स, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण आणणारा आजार, की आतड्याचा टीबी?

प्रश्न जुना आहे. १९१३ साली ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅलझील यांनी असे रुग्ण नोंदवले. आतडं टीबीसारखं जाड झालेलं, पण जंतू सापडेना. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांवर निबंध लिहिला. नाव लागलं एकट्या क्रोन यांचं. इंग्रजी वर्णमालेत त्यांचं आडनाव आधी येत होतं, एवढंच!

क्रोन्स काय, किंवा त्याचाच भाऊबंद, मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस काय, एकच एक कारण सांगता येत नाही. काही जनुकं, आतड्यातल्या जिवाणूंचा बिघडलेला समतोल, आणि स्वतःच्याच आतड्यावर उठलेली प्रतिकारशक्ती. तिखट खाऊन हा आजार जडत नाही. सिगरेटने क्रोन्स बळावतो, हे मात्र पक्कं.

खरी अडचण उपचारांची. क्रोन्समध्ये प्रतिकारशक्ती आवरायची असते: स्टिरॉइड, अझाथायोप्रिन, किंवा १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं इन्फ्लिक्सिमॅब. टीबीत तीच प्रतिकारशक्ती जंतूंना कोंडून ठेवते. टीबीच्या पेशंटला क्रोन्स समजून ही औषधं दिली, तर पहारा उठतो आणि जंतू अंगभर पसरू शकतात.

बायोप्सीत टीबीचा जंतू सापडला तर प्रश्न मिटतो. बरेचदा सापडत नाही. मग टीबीची औषधं सुरू करून साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. व्रण भरले असतील, तर टीबी धरून सहा महिन्यांचा कोर्स पुरा करायचा. नुसतं ‘बरं वाटतंय’ पुरत नाही. या औषधांनी क्रोन्सच्या काही पेशंटनाही थोडे दिवस बरं वाटतं. व्रण तसेच असले, तर निदान पुन्हा तपासायला हवं. उगाच महिने घालवले तर क्रोन्समुळे आतडं अरुंद होत जातं, आणि मग ऑपरेशनची पाळी येते.

क्रोन्स नक्की झाला तरी टीबी विसरून चालत नाही. इन्फ्लिक्सिमॅबच्या पहिल्या डोसआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबीची तपासणी व्हायला हवी. ती झाली का, हे पेशंटने डॉक्टरांना खुशाल विचारावं.