रानटी भावंडाचं बळ

नमस्कार मंडळी. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर भागातली खरिपाची भुईमुगाची शेंग सत्तर दिवसांपुढं गेली की एक काम करा. खालचं पान तोडून उलटं धरा. काळे गोल ठिपके दिसले तर टिक्का रोग. नारिंगी पुटकुळ्या असतील आणि बोटाला भुकटी लागली तर तांबेरा रोग. टिक्क्यानं पानं गळतात, तांबेऱ्यानं वाळून वेलालाच लोंबतात. दोन्ही जोरात आले तर निम्म्याहून जास्त पीक जातं, वर जनावरांचा पालाही.

टीएमव्ही-२, जेएल-२४ हे आपले लाडके वाण दोघांनाही लगेच बळी पडतात. प्रतिकाराचं बळ सापडलं बोलिव्हियातल्या रानटी भुईमुगात. पण आपल्या भुईमुगात गुणसूत्रं ४०, त्याच्यात २०. संकर होतो ३० चा, वांझ. त्याची गुणसूत्रं दुप्पट करायची, मग पुन्हा भुईमुगाशी संकर करत ४० वर आणायची. त्या रानटी रक्ताच्या सीएस-१६ या भुईमुगाचा केआरजी-१ या वाणाशी संकर करून धारवाडच्या कृषी विद्यापीठानं जीपीबीडी-४ हा वाण काढला. तो दोन्ही रोगांना दाद देत नाही. फवारणी अजिबात लागत नाही असं कुणी म्हटलं, तर मात्र हसून सोडून द्या. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनं पुढं हेच गुण जेएल-२४ मध्येही उतरवले.

संकराचं काम किचकट. संध्याकाळी कळी उघडून चिमट्यानं पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, खुणेचा दोरा बांधायचा. एवढं करून फुलामागं दाणे मिळणार एक-दोन!

शेंडेमर या भुईमुगाच्या आणखी एका रोगाचं तसं नाही. तो विषाणूचा रोग, फुलकिडे पसरवतात. पिल्लू असताना रोगट झाडाचा रस शोषलेला किडाच मोठा होऊन रोग नेतो. म्हणून फुलकिड्याला न रुचणारे वाण शोधतात. टिक्क्याला टिकणारा वाण शेंडेमरीलाही टिकेल असं धरू नका. पेरणी विरळ नको, खाडे, म्हणजे मधे रिकाम्या जागा, राहिले की फुलकिड्याचं फावतं.

कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात बियाणं वाणाचं नाव घेऊन मागा. भुईमूग आपल्याच परागानं फळतो, त्यामुळं एकदा चांगलं बी आणलं की पुढची काही वर्षं घरचंच चालतं. फक्त वाणाहून वेगळ्या दिसणाऱ्या झाडांच्या शेंगा काढून टाका, बाकीच्या कडक वाळवून टरफलासकट ठेवा आणि पेरणीच्या तोंडावरच फोडा.