खर्चीवाल्याचं टेन्शन

इचलकरंजीत कुठल्याही पेठेत, गल्लीत शिरा, मागांचा खडखडाट आधी कानावर येतो आणि माणसं नंतर दिसतात. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला आणि तिथनं हे गाव कापडावर वाढत गेलं. घराला लागून शेड, शेडमध्ये चार-आठ माग, असा संसार असलेली कितीतरी कुटुंबं इथं आहेत.

आम्ही बोलायला आलोय ते खर्चीवाल्यांशी. खर्चीवाला म्हणजे माग त्याचे स्वतःचे, पण सूत व्यापाऱ्याचं. व्यापारी बिमं, म्हणजे उभ्या धाग्यांचे गुंडाळलेले रूळ, देतो, हा कापड विणून देतो आणि मजुरी मिळते पिकावर, म्हणजे आडव्या धाग्याच्या हिशोबानं, तीही पैशांत. त्या पैशांतनंच कामगारांचा पगार, लाइटबिल, तुटलेले पार्ट, बँकेचा हप्ता, पोरांची फी. बाजारात मंदी आली की मजुरीचा दर खाली येतो, पण लाइटबिल काय खाली येत नाही. कागदावर हा मालक आहे. पण दर ठरवायचं त्याच्या हातात नाही आणि नुकसान झालं तर ते मात्र पूर्ण त्याचंच.

(पडद्यावर: रातपाळी, शेडमधला पिवळा दिवा, वहीत हिशोब लिहिणारा हात)

इथं कुणी 'मला डिप्रेशन आलंय' असं म्हणत नाही. म्हणतात, "झोप लागंना झालीया." म्हणतात, "छातीत धडधडतंय, गॅस झाला असंल." मग गल्लीतल्या डॉक्टरकडं जाऊन अॅसिडिटीची गोळी घ्यायची, परत शेडमध्ये यायचं. बायकोवर चिडायचं, पोरांवर चिडायचं, फोन वाजला की दचकायचं, कारण वसुलीचाच असणार. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज असं उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर डॉक्टर त्याला आजार म्हणून तपासतात. आणि तो बरा होणारा आजार आहे, हे आम्हाला मुद्दाम जोर देऊन सांगायचंय.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 2021 ची आकडेवारी बघा. त्या एका वर्षात देशात 20,231 स्वयंरोजगार करणाऱ्या लोकांनी आत्महत्या केली, त्यातले 12,055 व्यावसायिक होते. शेतकरी यात धरलेले नाहीत, त्यांची नोंद वेगळी होते. आत्महत्येमागं एकच कारण कधीच नसतं, त्यामुळं सगळं कर्जावर ढकलून मोकळं होता येणार नाही. पण इतकी माणसं गेली आणि आपल्याकडं त्यावर बोलणं जवळपास नाहीच, हे आम्हाला फार लागतं.

बोलणं का नाही? कारण धंदा साखेवर चालतो. अमक्याचं डोकं ठिकाणावर नाही अशी कुजबुज झाली की व्यापारी बीम द्यायला कचरतो, हातउसने देणारा आखडतो, पोरीच्या लग्नाचं बघायला आलेले पाहुणे परत फिरतात. नोकरदाराला निदान आजारपणाची रजा मागता येते. याचे माग बंद राहिले तर त्या दिवशीची मजुरी शून्य, शिवाय हाताखालचा कामगार दुसरीकडं जाणार, म्हणून माणूस आतनं कितीही मोडला असला तरी सकाळी शेडचं दार उघडतोच आणि बाकीच्यांना वाटतं याचं काय, बरं चाललंय.

यातला एक भाग सरळ पैशाचा आहे. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत भागवायचं बंधन आहे, उशीर झाला तर व्याजही. पण ज्या व्यापाऱ्याकडनं उद्याचं बीम यायचंय त्याच्यावर तक्रार कोण करणार? म्हणून पेमेंट अडकतं, आणि अडकलेलं पेमेंट रात्रीची झोप खातं. नुसतं 'सकारात्मक विचार करा' सांगून ती झोप परत येणार नाही.

दुसरा भाग उपचाराचा. कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, सरकारी आहे, खर्च फार नाही. पण ओपीडी दिवसा, म्हणजे पाळी कुणावर तरी टाकून जायचं. त्यात डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला बऱ्याचदा दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक दिसला नाही की माणूस गोळ्या सोडतो, आणि तिथंच घोळ होतो.

निदान पहिलं बोलणं तरी शेडमधनं करता येतं. 14416, टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. मरावंसं वाटण्याचे विचार येत असतील तर रात्र जाऊ देऊ नका, घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि लगेच फोन लावा.

आणि यंत्रमागधारक संघटनांना आमची कळकळीची विनंती आहे. वीज सवलतीसाठी तुम्ही एकत्र येता, मोर्चे काढता, निवेदनं देता. तशाच बैठकीत एकदा हा विषय घ्या. मानसोपचाराची संध्याकाळची ओपीडी इचलकरंजीतच मागा, आणि थकलेल्या मजुरीची तक्रार संघटनेच्या नावानं करा, म्हणजे एकट्या खर्चीवाल्याचं बीम जाणार नाही.