पेन्शनीतले गुरुजी पुन्हा फळ्यापाशी

(दृश्य: पावसाळी सकाळ. जांभ्याच्या पायऱ्या, कौलारू शाळा, व्हरांड्यात टांगलेल्या छत्र्या.)

सिंधुदुर्ग जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतली ही जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. पहिली ते चौथीचे चार वर्ग इथे दोन खोल्यांत बसतात आणि चारही वर्गांचा मिळून पट विसाच्या आत आहे. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असले पाहिजेत, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. जून २०२३ मध्ये शाळा उघडली, तेव्हा इथे एकच बाई उरल्या होत्या. दुसऱ्या शिक्षकांची आंतरजिल्हा बदली होऊन ते आपल्या गावी गेले होते, आणि त्यांच्या जागी कोणी आले नव्हते.

कोकणात हे नवे नाही. इथल्या शाळांमध्ये मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून आलेले शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. नेमणूक मिळेल तिथे रुजू व्हायचे आणि संधी येताच घराजवळ बदली मागायची, हा त्यांचा क्रम समजण्यासारखा आहे, कारण त्यांचे म्हातारे आईवडील आणि शेती तिकडेच असते. अडचण जाणाऱ्यांची नाही, तर जाणाऱ्याच्या जागी येणाऱ्याची आहे.

(दृश्य: पंचायत समितीच्या कार्यालयाचा जिना, कपाटांवर रचलेल्या फायली.)

२ मे २०१२ रोजी राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. २०१७ मध्ये भरतीसाठी पवित्र पोर्टल आले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिक्षक अभियोग्यता चाचणी झाली, आणि त्यानंतरची चाचणी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली. तिला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. चाचणीनंतरही संचमान्यता (म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे ठरवणे), बिंदुनामावलीची (आरक्षणानुसार पदांच्या क्रमवारीची) तपासणी, न्यायालयातील याचिका असे टप्पे होतेच. तेवढ्यात जून उजाडला आणि वर्ग भरले. अखेर ७ जुलै २०२३ रोजी शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला की, पवित्र पोर्टलमधून नियमित शिक्षक मिळेपर्यंत जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर सेवानिवृत्त शिक्षकांना कंत्राटी पद्धतीने नेमावे. वयाची मर्यादा सत्तर वर्षे आणि मानधन दरमहा २०,००० रुपये ठरले.

(दृश्य: गुरुजी टेबलावर कागद मांडतात. पेन्शनचा आदेश, सेवानिवृत्तीचे पत्र, आधार कार्ड, बँकेचे पासबुक.)

आपण पाहत आहोत ते गुरुजी याच तालुक्यात नोकरी करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ पासून बंद झाली; त्यांची सेवा त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली असल्यामुळे जुन्या नियमाने त्यांना पेन्शन आहे, आणि मानधन हे त्याच्यावरचे आहे. तरीही ज्या कार्यालयातून त्यांची शेवटची वेतनवाढ मंजूर झाली होती, त्याच कार्यालयात आता त्यांना नव्या उमेदवारासारखा अर्ज करावा लागला. नियमित सेवेचा कोणताही हक्क सांगणार नाही असे हमीपत्र त्यांनी लिहून दिले, करारावर सही केली, आणि शाळेत हजर झाल्याचा अहवाल मुख्याध्यापकांमार्फत पाठवला. ही मुख्याध्यापक म्हणजे त्याच एकट्या बाई. वयाने त्या गुरुजींच्या मुलीएवढ्या आहेत.

इथे एक तपशील नोंदवण्याजोगा आहे. नव्याने लागणाऱ्या प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन वर्षानुवर्षे सहा हजारांवर अडकून होते, ते जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये झाले. म्हणजे पहिली तीन वर्षे राबणाऱ्या तरुण शिक्षणसेवकापेक्षा पेन्शन घेणाऱ्या गुरुजींना चार हजार अधिक मिळू लागले. डी.एड. होऊन वर्षानुवर्षे थांबलेल्या स्थानिक मुलामुलींनी या आदेशाला विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता.

(दृश्य: परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिकेचे वाचन. मग वर्ग.)

आता वर्गात येऊ, कारण निवृत्त शिक्षकाला परत का बोलवावे याचे उत्तर आदेशाच्या कागदात सापडत नाही, ते इथे सापडते. एका खोलीत दोन इयत्ता असणे म्हणजे एकाच वेळी दोन वर्ग घेणे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते एका वर्गाला शिकवणे आणि दुसऱ्या वर्गाला रिकामे न ठेवणे असते, आणि हे दुसरे काम अधिक अवघड आहे. गुरुजी तिसरीच्या मुलांना आधी उतारा वाचायला देतात, पण नुसते वाचायला सांगत नाहीत; उताऱ्यातून तीन प्रश्न तयार करा, ते नंतर चौथीला विचारायचे आहेत, असे सांगतात. मग ते चौथीच्या मुलांकडे वळून भागाकार घेतात. पंधरा-वीस मिनिटांनी बाजू बदलतात. तोवर तिसरीचे प्रश्न तयार असतात आणि चौथीला ते सोडवावे लागतात, त्यामुळे एका इयत्तेचे काम दुसरीला उपयोगी पडते.

पलीकडच्या खोलीत पहिली-दुसरी आहे. ती बाईंकडे असते, पण गणिताच्या तासाला गुरुजी इथे येतात. माडाच्या झावळीतल्या हिराच्या काड्या तोडून त्यांनी दहा-दहाच्या जुड्या बांधल्या आहेत. तेवीस म्हणजे दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या. तेवीसमधून सात काढायचे तर एक जुडी सोडावी लागते, आणि ती मूल स्वतःच्या हाताने सोडते. हातच्याचा हिशोब या मुलांना पुढे फळ्यावर वेगळा समजवावा लागत नाही.

भाषेचेही असेच आहे. पहिलीतले मूल घरात मालवणी बोलते आणि पुस्तकात प्रमाण मराठी असते. गुरुजी मुलाचे मालवणी वाक्य आधी ऐकून घेतात, मालवणीतच उत्तर देतात, आणि मग तेच वाक्य पुस्तकातल्या मराठीत म्हणतात. बदलून आलेल्या शिक्षकाला हे जमू लागायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि जमू लागते तेव्हा बहुधा बदलीचा अर्ज भरायची वेळ आलेली असते.

(निवेदन थांबते. पुढे दीड मिनिट वर्गाचा आवाज.)

करारानुसार गुरुजींकडे शिकवण्याचे काम आहे, प्रशासकीय अधिकार नाहीत. दाखल्यावर सही, पोषण आहाराच्या नोंदी, यूडायस या सरकारी शाळा-नोंदणीची माहिती, मतदार यादीचे काम हे सारे बाईंकडेच आहे. परंतु पूर्वी केंद्रशाळेत शिक्षण परिषद असली किंवा तालुक्याला बैठक निघाली की, शेजारच्या शाळेतून कोणाला तरी कामगिरीवर मागवावे लागे, नाहीतर मुलांना लवकर घरी सोडावे लागे. गुरुजी आल्यापासून बाई बाहेर असल्या तरी वर्ग चालू राहतात. दुसऱ्या शिक्षकाचा हा उपयोग कोणत्याही निकालपत्रकात दिसत नाही.

राज्यात अशा शाळा थोड्या नाहीत. शालेय शिक्षण विभागाच्याच २०२३ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार वीस आणि त्यापेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या, आणि त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एकच मोठी शाळा, करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही उदाहरणे पुढे ठेवली गेली. पानशेतसारख्या ठिकाणी ते जमले असेल. या वाडीतून मोठ्या रस्त्याकडे जाणारी वाट पावसाळ्यात कशी असते, ते पडद्यावर दिसतेच आहे.

(दृश्य: साकव, दुथडी भरलेला ओहोळ, दप्तर डोक्यावर घेतलेली मुले.)

पुढचे थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पवित्र पोर्टलमधून ११,०८५ उमेदवारांची शिफारस झाली आणि तात्पुरत्या नेमणुकांची गरज अनेक ठिकाणी संपली. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या नव्या निकषांत मात्र निवृत्त शिक्षक पुन्हा आले, आणि या वेळी ते जागा भरेपर्यंतची सोय म्हणून आले नव्हते. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे नेमका शिक्षकदिनी, निर्णय निघाला की वीस किंवा कमी पटाच्या शाळेतील दोनपैकी एक पद कंत्राटी असेल आणि मानधन १५,००० रुपये असेल. जुलै २०२३ मध्ये गुरुजी रिकाम्या जागेवर आले होते, आता ती जागाच कायमस्वरूपी उरणार नव्हती. या फरकामुळेच २५ सप्टेंबरला राज्यभरातील शिक्षकांनी सामूहिक रजा टाकली. त्याच्या दोनच दिवस आधी मर्यादा विसावरून दहावर आणून ही कंत्राटी पदे डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांकडे वळवण्यात आली होती, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णयही रद्द झाला.

गुरुजींचा करार त्याआधीच संपला. निवृत्त माणसाला नियमित शिक्षकाच्या जागी बसवू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण ज्याने तीस-पस्तीस वर्षे दोन इयत्ता एका खोलीत शिकवल्या, त्याला नव्या शिक्षणसेवकाच्या शेजारी पहिले वर्षभर बसवण्याची तरतूद या सगळ्या आदेशांपैकी एकातही झाली नाही. शाळेतली दुसरी जागा संचमान्यतेसाठी धरल्या जाणाऱ्या ३० सप्टेंबरच्या पटावर ठरेल, आणि पहिलीत पुढच्या वर्षी दाखल होऊ शकतील अशी तीन मुले सध्या वाडीत आहेत.