ब्लाइथबर्गचे देवदूत

[ओहोटीची नदी. दूरवर चर्च.]

ओहोटी लागली की ब्लाइथ नदीच्या पात्रात चिखल उरतो आणि चिखलात चरणारे पक्षी. काठाला लव्हाळी. आसपास उंच असं दुसरं काही नाही, त्यामुळे हे चर्च फार लांबून दिसतं.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोक परगण्यात ब्लाइथबर्ग आहे. गाव काही शे वस्तीचं आणि चर्च एकोणचाळीस मीटर लांब! पंधराव्या शतकात इथे बंदर होतं, त्या वेळचं हे वैभव. पुढे नदी गाळानं भरली, गलबतं यायची थांबली, पैसा आटला. चर्च तेवढं राहिलं.

जूनमध्ये जवळच्या ऑल्डबरा गावच्या संगीत महोत्सवाच्या काही मैफली इथे होतात. संगीतकार बेंजामिन ब्रिटन, गायक पीटर पिअर्स आणि लेखक-दिग्दर्शक एरिक क्रोझियर यांनी १९४८ साली तो सुरू केला. ब्रिटन याच किनाऱ्यावरचे.

[कॅमेरा छताकडे]

आता वर पाहा.

तुळयांच्या मधोमध लाकडी देवदूत आहेत, जोडीजोडीनं, पाठीला पाठ लावून, पंख पसरून. लाल-हिरवा रंग पार विटलाय, पण आहे तो जुनाच. १६४४ साली विल्यम डाउसिंग या मूर्तिभंजकानं फर्मान काढलं की इथले वीस देवदूत उतरवा. सगळे काही उतरले नाहीत. लाकडात छर्रे सापडले तेव्हा लोकांनी डाउसिंगच्याच माणसांना दोष दिला. खरा प्रकार साधा होता. छतात जॅकडॉ नावाचे छोटे कावळे घरटी करायचे आणि अठराव्या शतकात त्यांच्यावर बंदुका चालायच्या. देवदूत मध्ये आले.

[उत्तरेचं दार, जवळून]

दारावरचे हे काळे डाग. ४ ऑगस्ट १५७७ला वादळात वीज पडली, मनोऱ्याचं टोक कोसळलं, एक माणूस आणि एक मुलगा गेला. गावात सांगतात, काळा कुत्रा आला होता, हे त्याच्या पंजाचे चटके. आम्ही बोट लावून पाहिलं. लाकूड खरंच जळकं आहे.

[वादक वाद्यं लावताहेत]

व्यासपीठावर काय नाही ते बघा. स्पीकर नाही. माइक आहेत ते दोन, तेही आमच्याच रेकॉर्डिंगचे. बाकी काम दगड आणि लाकूड करतं. दगड सूर परत पाठवतो, लाकूड त्यातला थोडा गिळतं. शेवटच्या बाकावरची आजी किंचित पुढे झुकलेली दिसेल. ऐकायचं तर झुकावं लागतं. आपल्याकडे देवळाच्या मंडपात पखवाजालाही माइक लागतो, का कुणास ठाऊक.

[जुनी छायाचित्रं: जळलेलं सभागृह]

महोत्सवाचं स्वतःचं मोठं सभागृह जवळच्या स्नेप गावात आहे. पूर्वी तिथे दारूसाठी बार्लीचा माल्ट तयार व्हायचा. १९६७ साली राणी एलिझाबेथनं त्याचं उद्घाटन केलं आणि दोनच वर्षांनी, ७ जून १९६९ला, महोत्सवाच्या पहिल्याच रात्री ते जळालं. भिंती उरल्या. ब्रिटनचा पियानोही गेला. मोझार्टचा ऑपेरा ‘इडोमेनेओ’ तोंडावर आलेला. मग सगळा संच उचलून इथे, या देवदूतांखाली आणला. वादळातून वाचलेल्या राजाची गोष्ट, वीज पडलेल्या चर्चमध्ये! ब्रिटननं वाद्यवृंदाचं संचालन केलं, पिअर्स राजा झाले. पुढच्या जूनपर्यंत स्नेपचं सभागृह पुन्हा उभं होतं.

[दोरीला टांगलेले मग]

आणि हे चहाचे मग. इथले नव्हेत, याच किनाऱ्यावरच्या ऑर्फर्ड गावच्या चर्चमधले. १९५८ साली ब्रिटननं तिथे बायबलमधल्या नोहाच्या प्रलयाचा ऑपेरा केला, बहुतेक गाणारी-वाजवणारी सफोकची शाळकरी मुलं. पावसाचा पहिला थेंब कसा वाजवायचा? मग दोरीला बांधायचे आणि लाकडी चमच्यानं टोला द्यायचा. टप. थोड्या वेळानं आणखी एक, टप. जाड मगाचा सूर वेगळा, पातळाचा वेगळा. मध्येच प्रेक्षकही उठून प्रार्थनागीतं गातात. तेही माइकशिवाय.

[ऑल्डबराचा रस्ता]

किनाऱ्यावर पाहुणे वाढले, ऑल्डबऱ्यातली कितीतरी घरं आता सुट्टीपुरतीच उघडतात.

[पुन्हा ब्लाइथबर्ग, संध्याकाळ]

१८८१ साली हे चर्च धोकादायक ठरवून बंद केलं होतं. आज खुर्च्या भरल्या आहेत. बाहेर अजून लख्ख उजेड आहे, जूनमध्ये इथे रात्री नऊनंतरही असतो. वरच्या खिडक्यांतून तो तिरका आत येतो आणि पूर्वेकडच्या पंखांवर पडतो.

कोपऱ्यात लाकडाचा एक छोटा माणूस उभा आहे. १६८२ सालचा. दोरी ओढली की घंटेवर टोल देतो.

[टोल]

वादकांनी गज उचलले आहेत. आमचं निवेदन इथे थांबतंय.