बेलबॉटमचा घेर: पडद्यापासून शिंप्याच्या कात्रीपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

१९७५ च्या आसपासचा लग्नातला एखादा ग्रुप फोटो घरात असेल, तर तो जरा बाहेर काढा. नवरदेवाच्या शेजारी उभ्या असलेल्या मित्रांचे बूट त्यात दिसायचे नाहीत, कारण ते पँटच्या घेराखाली गेलेत. कॉलरची टोकं गळ्यापासून निघून खिशाच्या दिशेने चाललीत. केस कानांवर. बेलबॉटम आणि डॉग कॉलर हा त्या दशकाचा गणवेशच होता. तो कुठून आला असं विचारलं, तर कुणीही सांगेल, सिनेमातून.

बरोबर आहे. पण सिनेमात पुष्कळ काही दिसतं. १९७१ च्या ‘सोंगाड्या’त आणि त्यानंतरही दादा कोंडके यांची लोंबत्या नाडीची अर्धी चड्डी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. ती घालून कॉलेजात मात्र कुणी गेलं नाही. हसवणारा माणूस आवडतो, पण त्याच्यासारखं दिसावंसं वाटत नाही. आणि दिसावंसं वाटलं, तरी तेवढ्याने भागत नाही. तसं कापड बाजारात हवं आणि नाक्यावरच्या शिंप्याला तो काट जमायला हवा. तेव्हा बहुतेक पँटी मापानेच शिवल्या जात. म्हणून माझं म्हणणं असं की सत्तरच्या दशकाची फॅशन पडद्यावर दिसली, पण ठरली ती शिंप्याच्या टेबलावर.

बेलबॉटम मुळात खलाशांची विजार. खालून सैल असली की डेक धुताना ती पटकन गुडघ्यापर्यंत गुंडाळता येते. १९६० च्या दशकात अमेरिकेतली हिप्पी पोरं नौदलाचे जुने कपडे स्वस्तात विकत घेऊन घालू लागली, मग गायकांनी घातल्या, मग सगळ्यांनीच. आपल्याकडे १९७१ मध्ये ‘हरे रामा हरे कृष्णा’त काठमांडूचे हिप्पी आणि झीनत अमान दिसल्या, १९७३ मध्ये ‘बॉबी’ आला. ‘बॉबी’तली जोडी कॉलेजच्या वयाची होती आणि तिकीट काढून बसलेली पोरंही त्याच वयाची. डिंपल कापडियाचा पोटावर गाठ मारलेला, ठिपक्यांचा ब्लाऊज तेव्हापासून बॉबी याच नावाने ओळखला जाऊ लागला.

आता कापडाकडे वळू. सुती कापडाचा रुंद घेर दोन धुण्यांत मरतो, चुरगळून पायाला गुंडाळला जातो. घेर घंटेसारखा उभा राहिला तो टेरिलिन, म्हणजे पॉलिएस्टर, आणि टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर-सुती मिश्रण, यांच्यामुळे. पॉलिएस्टरचा धागा पाणी जेमतेम अर्धा टक्का धरतो, सुती धागा आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणून पॉलिएस्टर लवकर वाळतं, चुरगळत नाही आणि इस्त्रीची रेघ महिनाभर टिकवतं. घाम मात्र शोषत नाही. मे महिन्यात लोकलमध्ये अशी पँट घालून उभं राहणं म्हणजे शिक्षाच, पण हौसेपुढे कोण ऐकतो! परदेशी कापड सुरुवातीला चोरट्या मार्गाने यायचं आणि महाग पडायचं. अहमदाबादजवळ नरोड्याला १९६६ मध्ये धीरूभाई अंबानी यांनी गिरणी काढली आणि पुढे त्यांचं विमल या नावाचं कापड गावोगाव पोचलं. ‘बॉबी’चा घेर तालुक्याच्या टॉकीजमध्ये दिसला, तोवर खालच्या दुकानात त्याचं कापडही येत होतं.

आता काट. तो आजही उपयोगी पडेल, म्हणून सावकाश सांगतो. समजा पायाच्या आतली लांबी ३० इंच आहे. तिचे निम्मे १५, त्यातून २ वजा केले की १३. जांघेपासून १३ इंच खाली गुडघ्याची रेघ मारायची. इथे पँट सर्वांत तंग, घेर १८ इंच. तळाचा घेर, म्हणजे शिंपी ज्याला बॉटम म्हणतात तो, २६ इंच. फरक ८ इंचांचा. हे ८ इंच चार कडांवर सारखे वाटायचे: पुढच्या तुकड्याला आतून २, बाहेरून २, मागच्यालाही तसंच. इथेच बहुतेकांची चूक होत असे. पोस्टरवर घेर बाहेरच्या बाजूला उडालेला दिसतो, म्हणून सगळी वाढ बाहेरच्या शिवणीला द्यायची. मग पाय पिळवटतो आणि मधली इस्त्रीची रेघ चालताना आतल्या घोट्याकडे सरकते. दुसरी चूक गुडघ्याच्या जागेची. घेर दोन इंच खालून सुरू झाला, तर माणूस बुटका दिसतो. तो गुडघ्याच्या किंचित वरून सोडला की पाय लांब वाटतो, आणि सगळा आटापिटा तर त्यासाठीच.

तळाची कड सरळ कापायची नाही. पसरत्या तुकड्याची कड सरळ ठेवली, तर शिवणींपाशी टोकं खाली लोंबतात. तिला किंचित कमान हवी, शिवणीपाशी वर चढणारी. आत दुमडायची पट्टीही उलट उताराची, म्हणजे खाली जाताना अरुंद होणारी हवी. घेर जसा वाढतोय तसाच ती वाढवली, तर दुमडल्यावर आतली कड मोठी भरते आणि चुण्या पडतात. लांबी मापताना पायात तेच बूट हवेत जे पुढे घालायचे आहेत. त्या काळी जाड तळाचे, उंच टाचांचे असत. टाचेशी कापड जमिनीपासून अर्धा इंच वर राहिलं पाहिजे, नाहीतर मागची कड महिन्याभरात झिजते. पुष्कळ जण यावर इलाज म्हणून तळाच्या कडेला धातूची झिप गोल शिवून घेत. दिसायला झगमगीत, पण मूळ काम झीज रोखण्याचं.

कापड किती लागेल? ५८ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, २६ चा बॉटम जेमतेम बसतो. दोन्ही पायांचे मिळून ५२ इंच आणि बाकीचे शिवणींना. त्याहून मोठा घेर हवा असेल, तर एक तुकडा सुलटा, एक उलटा ठेवून कापड वाचवता येतं. कॉर्डुरॉय किंवा मखमलीला मात्र हे चालत नाही. लव उलट्या दिशेला गेली की एक बाजू गडद आणि एक फिकी दिसते.

ज्यांच्याकडे नव्या कापडाचे पैसे नव्हते, ते जुनी पँट गुडघ्यापर्यंत उसवून त्यात तिकोनी कळी बसवून घेत. कळीचं टोक आधी खडूने पक्कं करायचं, टाके तिथून सुरू करून दोन्ही बाजू वेगवेगळ्या खाली शिवायच्या. सलग फिरवून शिवलं की टोकाशी कापड गोळा होतं. आतून ४ आणि बाहेरून ४ इंचांची, अशा दोन कळ्या घातल्या की पाय पिळवटत नाही.

कॉलरची गंमत वेगळीच. नेहमीचं टोक पावणेतीन-तीन इंचांचं, डॉग कॉलरचं चार-साडेचार. एवढं लांब टोक ताठ राहावं म्हणून आत सुती बकरम, म्हणजे कडक अस्तर, घालत. पॉलिएस्टर धुण्यात आटत नाही, बकरम आटतं. ते आधी भिजवून, वाळवून घेतलं नसेल, तर पहिल्याच धुण्याला कॉलरवर बुडबुडे उठतात. चूक शिंप्याची असते आणि दोष लोक गिरणीला देतात!

अमिताभ बच्चन यांच्या ‘दीवार’मधल्या शर्टाला यातलं काहीच लागलं नाही. १९७५ चा हा चित्रपट. शर्ट जास्तच लांब शिवला गेला होता, म्हणून कमरेला गाठ मारली, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. ती गाठ फुकट होती, म्हणून झटकन पसरली.

बायकांच्या बाबतीत मुमताज यांची अंगाबरोबर घट्ट बसणारी साडी याच्या थोडी आधीची, १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’तली. ती कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी तयार केली. पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्याच. नाचताना सुटू नये म्हणून त्यांनी ती शिवूनच घेतली आणि झिप लावली. तशी साडी आज शिवायची, तर आत घेरदार परकर चालत नाही, त्याच्या चुण्या वर उठून दिसतात. अंगाबरोबरचा, गुडघ्याखाली थोडा मोकळा होणारा परकर घ्या आणि झिप डाव्या कुशीला, पदराखाली झाकली जाईल अशी लावा.

आता मुली पुन्हा बेलबॉटम शिवायला देताहेत, बहुतेकदा ताणल्या जाणाऱ्या डेनिमची. या कापडाला मांडीशी नेहमीची ढिलाई ठेवू नका, एक इंच कमी करा, आणि कापण्याआधी एकदा धुऊन वाळवा. शिंप्याकडे जाताना फोनमधला फोटो न्या, हरकत नाही, पण सोबत गुडघा आणि बॉटम हे दोन आकडे लिहून न्या आणि बूट पायात घालून जा. नमस्कार.