अल्ट्रामॅनला लढायचे नव्हते

शुक्रवार, १९ नोव्हेंबर १९७१. संध्याकाळचे सात वाजले आहेत आणि जपानमधील मुले टीबीएस वाहिनीवर ‘रिटर्न ऑफ अल्ट्रामॅन’ या मालिकेचा तेहतिसावा भाग पाहायला बसली आहेत. मालिकेचा साचा त्यांना तोंडपाठ आहे. एखादा महाकाय प्राणी शहरात घुसणार, मॅट नावाच्या दलाची विमाने त्याच्यावर तुटून पडणार, त्यांचे काही चालेनासे झाले की त्याच दलातील गो हिदेकी हा तरुण अल्ट्रामॅन या महाकाय नायकाचे रूप घेणार आणि जेमतेम तीन मिनिटांत त्या प्राण्याचा निकाल लावणार. पण आजच्या भागात बराच वेळ असे काहीच घडत नाही. पडद्यावर दिसतो तो नदीकाठच्या ओसाड जागेत एकटाच खड्डे खणणारा एक मुलगा.

त्याचे नाव र्यो साकुमा. तो मूळचा होक्काइदोचा. वडील मजुरीसाठी टोकियोला गेले ते परतलेच नाहीत, आई वारली, आणि बापाच्या शोधात निघालेला हा पोरगा कारखान्यांच्या धुराड्यांजवळच्या एका पडक्या घरात येऊन राहिला. तो परग्रहवासी आहे अशी आवई परिसरात उठलेली आहे. गणवेशातली शाळकरी मुले त्याला गळ्यापर्यंत मातीत पुरतात, डोक्यावर गढूळ पाणी ओततात, त्याने शिजवलेली पेज लवंडून पायाखाली तुडवतात. मुलांसाठीच्या कार्यक्रमात इतके निर्दय दृश्य त्या काळी क्वचितच दाखवले गेले असेल, आणि कॅमेराही तेथून घाईने नजर वळवत नाही.

र्यो पाव घ्यायला दुकानात जातो. त्याच्या हातात पैसे आहेत आणि दुकानात माल आहे, तरीही दुकानातली बाई त्याला विन्मुख पाठवते, कारण याला माल दिला तर लोक काय म्हणतील याची तिला धास्ती आहे. त्यात द्वेषापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांची भीती जास्त आहे, आणि ती अतिशय ओळखीची वाटते. मुलगा मुकाट्याने चालू लागतो. तेवढ्यात त्या दुकानातली तरुण मुलगी पाव घेऊन त्याच्यामागे धावत येते. मला कोणाची दया नको, असे तो तिला सुनावतो. त्यावर ती म्हणते की ही दया नाही, आपले पावाचे दुकान आहे म्हणून ती पाव विकते आहे, एवढेच. अख्ख्या भागात र्योला एका अनोळखी माणसाकडून मिळालेली बरोबरीची वागणूक हीच, आणि तीही साध्या रोखीच्या व्यवहारातून मिळालेली. लेखकाने त्या मुलीच्या तोंडी सहानुभूतीचे मोठे भाषण घातले असते, तर या प्रसंगाची सगळी रया गेली असती.

खरा परग्रहवासी र्यो नव्हेच. त्या पडक्या घरात कानायामा नावाचा एक आजारी म्हातारा राहतो. तो मेट्स ग्रहावरून पृथ्वीच्या हवामानाचा अभ्यास करायला आला होता. मुरुची या माशासारख्या महाकाय प्राण्याच्या तावडीतून त्याने र्योला वाचवले, आपल्या शक्तीने त्या प्राण्याला जमिनीखाली कोंडले, आणि तेव्हापासून दोघे बापलेकासारखे राहत आहेत. मात्र येथील दूषित हवेने म्हाताऱ्याचे शरीर पोखरून टाकले आहे. आपले यान त्याने जमिनीत पुरून ठेवले होते. ते वर काढण्याचे बळ आता त्याच्यात उरलेले नाही. ते यान सापडावे म्हणून र्यो खणतो आहे. पृथ्वी माणसांना राहण्याजोगी उरणार नाही, त्याआधी आपण म्हाताऱ्याबरोबर निघून जाऊ, असा त्याचा सरळ हिशेब आहे. मिनामाताचा पारा आणि योक्काइचीचा दमा अशा कारखान्यांच्या प्रदूषणाने जडलेल्या रोगांच्या बातम्या वाचणाऱ्या, त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारला पर्यावरण संस्था स्थापन करावी लागलेल्या जपानमध्ये हा हिशेब कोणाला पोरकट वाटला नसावा.

मग जमाव येतो. लोक र्योला फरफटत नेऊ लागतात, तेव्हा म्हातारा बाहेर येऊन ओरडतो की परग्रहवासी मी आहे, मुलाला सोडा. घाबरलेला पोलीस गोळी झाडतो आणि म्हातारा कोसळतो.

हा जमाव कोठून आला, हे समजण्यासाठी ४८ वर्षे मागे जावे लागते. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो आणि योकोहामा परिसर महाभूकंपाने उद्ध्वस्त झाला. कोरियन लोक विहिरींत विष कालवत आहेत अशी अफवा पसरली आणि बांबूचे भाले, तलवारी, लोखंडी आकडे घेऊन उभ्या राहिलेल्या स्वयंघोषित रक्षकदलांनी, काही ठिकाणी पोलीस आणि सैनिकांनीही, हजारो कोरियनांची हत्या केली. संशयिताला काही ठरावीक शब्द उच्चारायला लावत. उच्चार अडखळला की त्याचा जीव गेला. त्यात चिनी सापडले, आणि वेगळ्या बोलीचे जपानीही सापडले.

या भागाचे लेखक शोझो उएहारा यांनी या हत्याकांडाचा संदर्भ आपल्या मनात होता हे पुढे मुलाखतींत सांगितले. कानायामा हे आडनावही जपानमधील अनेक कोरियन कुटुंबांनी व्यवहारासाठी घेतलेल्या आडनावांपैकी एक आहे. उएहारा स्वतः १९३७ मध्ये ओकिनावात जन्मले. ते बेट युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात होते, त्यामुळे तेथून टोकियोत शिकायला येणाऱ्याला आपल्याच देशात प्रवासासाठी परवाना लागत असे. ओकिनावा जपानला परत मिळाले ते १५ मे १९७२ रोजी, म्हणजे हा भाग प्रसारित झाल्यानंतर सहा महिन्यांनी. परका ठरवला जाण्याचा अनुभव उएहारा यांना कल्पनेने उभा करावा लागला नाही.

म्हाताऱ्याचा श्वास थांबताच त्याच्या शक्तीने कोंडलेला मुरुची जमीन फोडून वर येतो. आता तोच जमाव जिवाच्या आकांताने पळतो आणि मॅटच्या जवानाने काहीतरी करावे म्हणून आरडाओरडा करतो. गो हिदेकी जागचा हलत नाही. त्या प्राण्याला तुम्हीच बाहेर काढले आहे, असे तो मनातल्या मनात म्हणतो. मुलांच्या लाडक्या नायकाला माणसांना वाचवण्याची इच्छाच उरलेली नाही. शेवटी भिक्षेकरी भिक्षूच्या वेषात त्याचे कप्तान इबुकी समोर येतात आणि त्याला भानावर आणतात. माझ्या मते लेखक येथे जरा घाईत आहे. इतका खोल नकार अशा एका हाकेने विरघळणे तितकेसे पटत नाही.

ही उणीव दिग्दर्शक शोहेई तोजो यांनी लढाईत भरून काढली आहे. कोसळता पाऊस, मागे पेटलेल्या कारखान्यांच्या ज्वाळा आणि त्यांच्यापुढे झुंजणाऱ्या दोन आकृत्या, हे सारे कॅमेरा बाजूने सरकत सरकत एका प्रदीर्घ सलग दृश्यात टिपतो. विजयाचे संगीत नाही, टाळी घ्यावी असा एकही डावपेच नाही. मुरुची मरतो आणि कोणालाही आनंद होत नाही.

त्यानंतरही र्यो खणतच राहतो. तो कधी थांबेल, असे मॅटचे जवान दुरून पाहत एकमेकांना विचारतात; यान सापडेपर्यंत तो थांबणार नाही, त्याला पृथ्वीचा निरोप घ्यायचा आहे, असे उत्तर मिळते. त्याला ना आईबाप मिळतात, ना घर, ना मित्र. पावाच्या दुकानातली मुलगीही पुन्हा दिसत नाही.

मूळ कल्पनेत जमाव म्हाताऱ्याला बांबूच्या भाल्यांनी भोसकणार होता. ते बदलून पोलिसाची गोळी आली. तेवढ्याने भाग सौम्य झाला असे म्हणता येत नाही, कारण अफवेवर विश्वास ठेवून गोळी घालणारा आता सरकारी गणवेशात आहे. पुढे २००६ मध्ये ‘अल्ट्रामॅन मेबियस’ या मालिकेने हीच कथा पुन्हा हाती घेतली. त्या भागात म्हाताऱ्याचा मुलगा मेट्स ग्रहावरून पृथ्वीवर येतो आणि बापाच्या मृत्यूची भरपाई मागतो.