एकोणिसावा आणि विसावा बाइट

पडद्यावर दिसतोय तो रास्पबेरी पाय झीरो, एका छोट्या बोर्डवरचा अख्खा संगणक. २०१५ सालचा, तेव्हाची किंमत पाच डॉलर. त्याच्यावर मोठा प्रोग्राम कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेल्या कोडची चालणारी फाइल बनवायला बसलं, तर ताटकळण्याची तयारी हवी. म्हणून हे काम, म्हणजे बिल्ड, लॅपटॉपवर करतात आणि तयार फाइल इथे आणून चालवतात. हेच क्रॉस-कंपाइल.

गोची अशी, की लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा आणि पायचा आर्म. एखाद्या पॅकेजच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत, कुणीतरी कंपाइलरचं नाव नुसतं ‘जीसीसी’ असं लिहून ठेवलेलं असतं. मग लॅपटॉपचाच कंपाइलर कामाला लागतो. बिल्ड बिनबोभाट पार पडतं. बोर्डवर प्रोग्राम चालवला की मग उत्तर येतं: ‘एक्झेक फॉरमॅट एरर’, म्हणजे ही फाइल या प्रोसेसरची नाही.

खरं तर हे आधीच कळू शकतं. लिनक्सवर तयार प्रोग्राम ‘एल्फ’ नावाच्या साच्यात असतो. या एल्फ फाइलीत १९ व्या आणि २० व्या बाइटमध्ये प्रोसेसरचा क्रमांक असतो. ६२ म्हणजे इंटेल-एएमडीचा ६४ बिट, ४० म्हणजे ३२ बिट आर्म, १८३ म्हणजे ६४ बिट आर्म. ‘रीडएल्फ -एच’ ही कमांड हीच माहिती वाचून दाखवतं. पण शेकडो फायली हाताने कोण तपासणार? अशा बोर्डांसाठी अख्खी लिनक्स प्रणाली बांधून देणाऱ्या बिल्डरूटमध्ये त्यासाठी स्क्रिप्टच आहे. पॅकेजच्या फायलींमध्ये परका प्रोसेसर दिसला, की बिल्ड तिथेच अडतं. फर्मवेअरच्या फोल्डरसारख्या काही जागा मुद्दाम सोडलेल्या आहेत, कारण फर्मवेअर, म्हणजे उपकरणांच्या आत चालणारे प्रोग्राम, दुसऱ्याच चिपसाठी असू शकतं.

आता खरी डोकेदुखी. क्रमांक ४०, सगळं जुळतंय, तरी पाय झीरोवर प्रोग्राम कोसळतो: ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी आज्ञा. पाय झीरोचा प्रोसेसर आर्म-व्ही६ पिढीचा, आणि डेबियन या लिनक्सचा ३२ बिट आर्मसाठीचा ‘आर्म-हार्डफ्लोट’ क्रॉस-कंपाइलर गृहीत धरतो पुढची पिढी, व्ही७. दोघांचाही क्रमांक ४०च! पिढी पाहायची तर ‘रीडएल्फ -ए’ लागतं. बरं, कंपाइलरला व्ही६ सांगून भागत नाही. प्रोग्राम सुरू करणारा जो तयार तुकडा कंपाइलर जोडतो, तोच व्ही७ साठी बांधलेला असतो. मुळात व्ही६ साठी बांधलेली टूलचेनच, म्हणजे कंपाइलर आणि त्याच्या सोबतचे तयार तुकडे, वापरावी लागते.

आणि ‘माझ्या लॅपटॉपवर चाललं होतं’ याला पुरावा मानू नका. दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं क्यूईएमयू बसवलेलं असेल, तर आर्मचे प्रोग्राम तिथेही गुपचूप चालतात, व्ही७ चेसुद्धा. क्यूईएमयूला प्रोसेसर ‘आर्म११७६’, म्हणजे पाय झीरोचाच, असा नेमून द्या, म्हणजे पाय झीरोवर जो प्रोग्राम पडणार, तो लॅपटॉपवरच पडेल.